हिरवी पट्टी कशाला बांधली होती?

प्रथम घटनाक्रम आणि जबाबदार व्यक्ती.

पोळ्यानंतरचा पहिला सोमवार. मुलांच्या खेळातील हिरवी पट्टी यापुढे कधीही मागे येता कामा नये, असे मला तोंडी सांगण्यात आले. जबाबदार: खेळ काढणाऱ्या कंपनीचे व्यवस्थापक.

दसऱ्याच्या आधीचा आठवडा. मी लेखी नकार दिल्यावर तीच पट्टी माझ्या अपरोक्ष बदलण्यात आली. पडद्यावर माझे नाव मात्र तसेच ठेवले गेले. जबाबदार: तेच व्यवस्थापक, आणि त्यांच्या सांगण्यावरून ज्याने बदल केला तो इसम. त्याचे नाव मी विचारले आहे. कळवलेले नाही.

संक्रांतीनंतरचा शनिवार. श्रीमती सुजाता वाहुळे या शिक्षिकेस कारणे दाखवा नोटीस. जबाबदार: शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सचिव.

होळीचा आदला दिवस. शाळेच्या पटांगणात, गावासमक्ष, पट्टीचे खरे स्वरूप उघड झाले. याला जबाबदार वाहुळे बाई आणि मी. ही जबाबदारी आम्ही आनंदाने घेतो.

गुढीपाडव्यानंतर. बाईंच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा. जबाबदार: पुन्हा सचिव.

कॅलेंडरच्या तारखा माझ्या पत्रांत आहेत. इथे सणांनी सांगतो, कारण त्या गावातले लोक ही हकीकत आजही सणांच्या हिशेबानेच सांगतात. या अंकाच्या संपादकांनी व्यवस्थापक आणि सचिव यांची नावे छापण्यास असमर्थता कळवली, म्हणून पदे लिहिली. पद छापले तरी माणूस स्वतःला ओळखतोच.

आता मी कोण, हे सांगणे क्रमप्राप्त आहे. मी घनसावंगीकडचा, तौर. कायद्याची पदवी घेतली, परंतु सनद घेतली नाही. पक्षकाराने खोटे सांगितले की माझा चेहरा न्यायाधीशाच्या आधी बोलतो, हे मला लवकर कळले. जालना जिल्हा झाला त्या सुमारास मी टंकलेखन शिकवीत होतो. पुढे संगणक आले, तसे टंकयंत्रे बाजूला सारून जालन्यात संगणकाचा क्लास काढला. तिथेच, नव्वदीच्या अखेरीस, मुलांसाठीच्या खेळांच्या स्क्रिप्ट लिहिण्याचे काम माझ्याकडे येऊ लागले. चित्रे पुण्यात काढली जात, आवाज तिथेच ध्वनिमुद्रित होई. चित्र आणि आकडा यांची गाठ मात्र मी जालन्यात बांधीत असे.

ही गाठ म्हणजे काय, ते सांगतो. जालन्याच्या स्टँडवर उभ्या असलेल्या बसला पाटी असते. बस घनसावंगीला जाणार म्हणून पाटीवर घनसावंगी असते. पाटीवर घनसावंगी आहे म्हणून बस तिकडे जात नाही. आष्टीहून आलेली बस आता घनसावंगीला निघणार असेल, तर कुणीतरी उठून पाटी बदलली पाहिजे. पाटीला स्वतःला काही समजत नाही. संगणकावरील खेळाचेही तसेच असते. खेळाच्या पोटात आकडे असतात: विहिरीत पाणी किती, झाडाला फळे किती, मुलाने किती उदाहरणे बरोबर सोडवली. ते कुणाला दिसत नाहीत. पडद्यावर चौकटी असतात, पट्ट्या असतात, बटणे असतात. ती दिसतात, पण त्यांना काही ठाऊक नसते. पोटातला आकडा बदलला की पडद्यावरची पाटी बदलायची, एवढे एकच काम स्क्रिप्टचे. ऐकायला किरकोळ वाटते. परंतु मूल जे पाहते ते सगळे त्या गाठीवर अवलंबून असते, कारण पोटात डोकावण्याचा मार्ग त्याच्याकडे नसतो.

गाठ चुकली की काय होते, याचा नमुना सांगतो. एका खेळात विहिरीची चौकट खेळ सुरू होताना एकदाच पाण्याचा आकडा विचारून घेत असे, पुढे कधी विचारीतच नसे. पोटात विहीर कोरडी पडली तरी पडद्यावर ती काठोकाठ. क्लासमध्ये एका विद्यार्थिनीचे वडील ते बघत उभे होते. बराच वेळ त्यांनी मोट ओढावी तसे बटण दाबून पाहिले आणि मला म्हणाले, "सर, ही विहीर कोण्या शिवारात हाय तेवढं सांगा. जमीन इकून तिकडंच जातो." मी चौकटीला प्रत्येक उपशानंतर आकडा विचारायला लावले. पाणी आटू लागले. ते गृहस्थ म्हणाले, "आता आपल्याकडची वाटून राह्यली."

दुसरा नमुना एका बियाणे व्यापाऱ्याचा. जालन्यात बियाण्याचा धंदा मोठा. या सद्गृहस्थांना दुकानात ठेवण्यासाठी खेळ हवा होता: शेतकऱ्याने बटण दाबायचे, त्यांचे बियाणे लावायचे, कापूस फुटायचा.

मी विचारले, "पाऊस पडला नाही तर?"

"गेममधी बी पडत न्हाई का पाऊस? पाडा की."

"आणि दुसऱ्याचे बियाणे लावले तर?"

"मंग नका पाडू."

मी म्हणालो, "शेटजी, बोंडाचा आकडा पावसाला बांधावा लागतो, दुकानाला नाही."

ते मोठ्याने हसले. "तौर सर, मी जाहिरात करून राह्यलोय, परीक्षा न्हाई घेऊन राह्यलो. वर लिहा ठळक अक्षरात, जाहिरात म्हणून. झालं का तुमचं समाधान?"

झाले. मी तसे ठळक लिहून खेळ करून दिला. त्या शेटजींचे ते वाक्य मी जपून ठेवले आहे, कारण पुढे ज्यांच्याशी गाठ पडली त्यांच्यात एवढाही प्रांजळपणा नव्हता.

मोसंबीच्या बागेचा खेळ मी कंपनीसाठी केला. गुणाकार शिकवणारा खेळ. बागेत झाडांच्या ओळी, प्रत्येक ओळीत अमुक झाडे, प्रत्येक झाडाभोवती पाण्याचे एक आळे, तर आळी किती? उत्तर बरोबर आले की पाटाचे पाणी झाडापर्यंत पोहोचते; चुकले की पाने मान टाकतात. उजव्या कडेला उभी हिरवी पट्टी. पहिल्याच प्रयत्नात उत्तर बरोबर आले की ती चढते, चूक झाली की थोडी उतरते. पट्टी पूर्ण भरली म्हणजे मुलाला गुणाकार आला, आणि मग बाईचा आवाज येतो, "शाब्बास, तुम्हाला गुणाकार छान समजला." पट्टीचा प्रत्येक चढउतार मी मुलाच्या उत्तराला बांधला होता. अभिमानाने सांगतो, त्या गाठीत खोट नव्हती. मुले पट्टी उतरली की ओठ चावीत, पुन्हा मांडणी करीत. उतरणारी पट्टी हाच त्या खेळातला शिक्षक होता.

पोळा झाला आणि व्यवस्थापक जालन्यास आले. खेळ बघितला. म्हणाले, "छान. फक्त पट्टी मागे येते, ते बरं दिसत नाही."

"मूल चुकले की ती मागे यायलाच हवी."

"अहो, शाळेत पाहुणे येतात. संस्थाचालक असतात. त्यांच्यासमोर पट्टी खाली आली की काय वाटेल?"

"मूल चुकले, असे वाटेल."

"तुम्हाला काय जातंय? एक ओळ तर बदलायची."

"एक ओळ आहे म्हणूनच बदलणार नाही. दहा ओळी असत्या तर तुम्हाला बदलताना लाज वाटायला वेळ मिळाला असता."

ते मला वकीलसाहेब म्हणत, आणि त्यात आदर नसे. त्या दिवशीही म्हणाले, "वकीलसाहेब, हा खेळ आहे, खटला नाही." मी त्याच संध्याकाळी लेखी नकार रजिस्टर पोस्टाने पाठवला. त्याचे उत्तर आले नाही. पैसे वेळेवर आले, आणि खेळाची तबकडी शाळांमध्ये गेली. मी समजलो, माझे म्हणणे मान्य झाले. कायद्यात मौनाला संमती धरण्याची सवय असते; व्यवहारात मौन बहुतेक वेळा दुसरीकडे काहीतरी करीत असते.

संक्रांत उलटून गेल्यावर वाहुळे बाई माझ्या क्लासवर आल्या. वडीगोद्रीपलीकडच्या एका गावात, एका खासगी संस्थेच्या शाळेत त्या चौथीला शिकवीत. अंबडहून बस बदलून आल्या होत्या. बसल्या, पाणी प्यायल्या आणि पिशवीतून नोटीस काढून माझ्यासमोर ठेवली.

"सर, खेळावर तुमचं नाव हाय म्हणून आले. तुम्ही मला एवढंच सांगा, मशीन चूक की मी चूक?"

हकीकत अशी होती. सहामाहीत बाईंनी वर्गाला गुणाकार येत नाही असे लिहिले, कारण तो येत नव्हता. सहाचा पाढा म्हणताना अर्धा वर्ग चोवीसनंतर छताकडे बघे. सचिवांनी विचारले की संगणकाच्या खोलीत त्याच मुलांच्या पट्ट्या पूर्ण भरतात, दर वेळी भरतात, मग बाई मुलांना नापास कसे दाखवतात? मशीनला कुणाशी वैर नसते. म्हणजे वैर बाईंचे, किंवा आळस बाईंचा. तसे नोटिशीत लिहिले होते, जरा सभ्य शब्दांत. ज्येष्ठतेने पुढच्या वर्षी मुख्याध्यापकपद बाईंकडे येणार होते, हे नोटिशीत लिहिलेले नव्हते.

माझी पहिली शंका माझ्याच गाठीवर. मी बाईंनी आणलेली तबकडी लावली. खेळाची फाइल बंद करून पाठवलेली असते. आत काय लिहिले आहे ते मलाही परत वाचता येत नाही, फक्त चालवून बघता येते. खेळ सुरू केला. पहिले उदाहरण पडद्यावर आले: सात ओळी, प्रत्येकी सहा झाडे, आळी किती? तेवढ्यात मी नोटीस पुन्हा हातात घेतली, कारण तिच्यातला एक मुद्दा मला नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध वाटला, आणि बाईंना तो समजावून सांगू लागलो. शेजारच्या हॉटेलातून सलीमभाई चहा घेऊन आले. कप ठेवता ठेवता ते पडद्याकडे बघत थांबले.

"सर, एक विचारू?"

"विचारा."

"तुम्ही तर हात बी न्हाई लावला, अन् मशीन शाब्बास म्हणून राह्यलं. मला बी बसवा की कलासला. असंच बिलकुल आरामात शिकायचं असंल तर मी तयार हाय."

आम्ही वळून बघितले. पहिले उदाहरण अनुत्तरित उभे होते. सात ओळी, सहा झाडे, उत्तराची चौकट रिकामी. शेजारी पट्टी काठोकाठ हिरवी.

मी खेळ पुन्हा सुरू केला आणि तिघेही खुर्चीत मागे सरकून बसलो. पट्टी चढू लागली, संथ, न थांबता. मुद्दाम चुकीचे उत्तर दिले. पानांनी मान टाकली, पट्टी चढतच राहिली. ती मुलाच्या उत्तरापासून सोडवून घड्याळाला बांधली होती. वेळ गेला की शिक्षण झाले.

बाईंनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "माझी पोरं हुशार हायेत सर. त्यांना कळलं असंल. ती नुसती बसून राह्यली असतील अन् मला म्हणून राह्यली असतील, बाई, भरली."

मी त्यांना नोटिशीचे उत्तर लिहून देऊ लागलो. त्यांनी माझा हात थांबवला.

"उत्तर दिलं तर ते सचिवांच्या टेबलावर पडंल, बराबर? होळीच्या आदल्या दिवशी कंपनीचे साहेब येऊन राह्यलेत. गावाला दाखवायला. मशीन पटांगणात मांडणार हायेत. तुम्ही फक्त या."

मी गेलो. मंडपाखाली चार संगणक ओळीने मांडले होते, चौथीची मुले त्यांच्यासमोर, मागे आईवडील, बाजूला खुर्च्यांवर सचिव आणि व्यवस्थापक. मला पाहून व्यवस्थापकांनी मान हलवली, जसे ओळखीच्या थकबाकीदाराला बघून हलवतात. सचिवांनी बोलून घेतले. आपल्या शाळेत शंभर टक्के मुलांना गुणाकार येतो, असे त्यांनी सांगितले, आणि बाईंना म्हणाले, "हां, सुरू करा."

बाई पुढे झाल्या. चारही मशीनवर बाग उघडली. पहिले उदाहरण आले. मुलांचे हात पुढे गेले.

बाई म्हणाल्या, "हाताची घडी."

महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाळेत हे दोन शब्द उच्चारले की काय होते, हे वाचकास सांगण्याची गरज नाही. सगळ्या मुलांनी घडी घातली, आणि कुणी न सांगता तोंडावर बोटही ठेवले.

सचिव म्हणाले, "बाई, खेळू द्या त्यांना."

"खेळून राह्यलीत सर. बघा."

मागे बसलेल्या एका म्हाताऱ्याने शेजारणीला विचारले, "काय करून राह्यली ही पोरं?" ती म्हणाली, "काहीच न्हाई, मामा. बसून राह्यली." चारही पट्ट्या एका चालीत चढत होत्या, जशी चार भांडी एकाच नळाखाली भरावीत. व्यवस्थापक उठून उभे राहिले, पुन्हा बसले. पट्ट्या भरल्या. चार मशीनमधून एकाच वेळी तो मुद्रित आवाज आला, "शाब्बास, तुम्हाला गुणाकार छान समजला."

मुले घडी घालून बसलेलीच होती. एका मुलीने तोंडावरचे बोट काढून विचारले, "बाई, आता हात सोडू?"

आधी मागची एक बाई हसली, मग सगळे पटांगण. म्हातारा म्हणाला, "मंग आमच्या बैलाला बी बसवा की हितं. त्यो बी गप बसतो."

व्यवस्थापक घाईने पुढे आले. "लाइट कमीजास्त झाली असेल. तांत्रिक बिघाड आहे."

म्हातारा म्हणाला, "लाइट तर सकाळधरनं बराबर हाय, साहेब. तुम्ही येणार म्हणून."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट केले. "स्क्रिप्ट यांची आहे. पडद्यावर नाव बघा. यांनाच विचारा."

मी उभा राहिलो. "विचारा. मी सांगतो, मी पट्टी मुलांच्या उत्तराला बांधली होती. ती घड्याळाला कुणी बांधली, ते तुम्ही सांगा. इथेच."

"वकीलसाहेब, हे कोर्ट नाही."

"म्हणूनच साध्या भाषेत विचारले."

ते जीपमध्ये जाऊन बसले. सचिवांनी मशीन बंद करायला सांगितले आणि लोकांना चहा दिला.

त्यानंतरचा भाग हसण्याचा नाही. कंपनीने आपल्या अहवालात "स्थानिक स्क्रिप्टकाराच्या त्रुटीमुळे" असे लिहिले. खेळ सगळ्या शाळांतून काढून घेतला, म्हणजे खोटी पट्टी गेली आणि तिच्याबरोबर खरी बागही. बाईंविरुद्धची नोटीस मागे घेतल्याचे कुणी सांगितले नाही. पाडव्यानंतर त्यांच्या गोपनीय अहवालात शेरा पडला: "संस्थेच्या कार्यक्रमात अडथळा आणला." त्या शेऱ्याच्या आधाराने मुख्याध्यापकपद त्यांच्याहून कनिष्ठ माणसाला देण्यात आले. ज्या शिक्षिकेने मुलांना येत नाही ते येत नाही असे लिहिले, तिच्या सेवेत तो शेरा अजून आहे.

मी पत्रे लिहिली. कंपनीला, संस्थेला, पुन्हा कंपनीला. उत्तरे आली ती अशी: आपले पत्र मिळाले, योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठवले आहे. संबंधित कोण, हे विचारणारे पत्र पाठवले, तर तेही संबंधितांकडे पाठवण्यात आले. मित्र म्हणतात, तौर, एका खेळातल्या पट्टीसाठी एवढे? मी त्यांना विचारतो की तराजूच्या काट्यासाठी एवढे का, विजेच्या मीटरसाठी एवढे का? माझ्या धंद्यात बनवायचे ते एवढेच होते. आत जे आहे ते बाहेर दिसावे. ते खोटे करणाऱ्याने माझ्या नावाखाली ते केले, आणि एका बाईच्या खऱ्या शब्दावर त्या खोट्या पट्टीने मात करवली. ती पट्टी आपोआप चढली नसती, मूल चुकल्यावर उतरली असती, तर बाईंवर नोटीस आली नसती. इतका सरळ कार्यकारणभाव मला आजवर दुसऱ्या कोणत्या प्रकरणात सापडलेला नाही.

हल्लीच बाई अंबडच्या स्टँडवर भेटल्या. मी नेहमीप्रमाणे प्रकरणाची सद्यःस्थिती सांगू लागलो. त्या म्हणाल्या, "सर, पोरं आता पाढे फळ्यावर घेऊन राह्यली. सहाचा झाला. छताकडं कुणी बघत न्हाई."

"पण शेरा?"

"शेरा हाय की तिथंच."

"मी सोडणार नाही."

"मला माहीत हाय, तुम्ही सोडणार न्हाई." त्यांची बस लागली होती. पायरीवरून वळून म्हणाल्या, "पण सर, या वेळी पत्र नका लिहू. पत्र टेबलावर पडतंय. चार लोकांत विचारा, पटांगणात विचारलं तसं."

म्हणून हा लेख. पत्रापेक्षा दिवाळी अंक अधिक लोक वाचतात, आणि तो संबंधितांकडे पाठवून मोकळे होता येत नाही.

संस्थेच्या सचिवांकडे मागणी: वाहुळे बाईंचा शेरा पुसावा, आणि तो पुसल्याचे त्याच पटांगणात, त्याच लोकांसमोर सांगावे. बंद पाकिटातून कळवलेले मान्य होणार नाही. पाकिटाचा अनुभव आहे.

व्यवस्थापकांकडे प्रश्न. तो एका ओळीचा आहे, कारण बदलही एका ओळीचाच होता. हिरवी पट्टी घड्याळाला कुणाच्या सांगण्यावरून बांधली? उत्तर मला पाठवू नये. चारचौघांत उभे राहून, आपल्या नावानिशी द्यावे. माझे नाव तर आपण पडद्यावर लिहिलेच होते.